देवाप्पाचा डंक

शिवरात्र झाली आणि देवाप्पाच्या शेडमध्ये मिरचीच्या पोत्यांची थप्पी लागली. एका अंगाला ब्याडगी, दुसऱ्या अंगाला गुंटुरी, आणि मधल्या जागेत बायकांनी चिठ्ठ्या घालून ठेवलेल्या पिशव्या. कानडी मुलखाच्या राजधानीत, मारतहळ्ळीच्या जुन्या गावठाणात, मोठ्या रस्त्यापासून तीन गल्ल्या आत, देवाप्पाचा चटणी कुटायचा डंक होता. मोटर, पट्टा आणि आळीपाळीनं वर जाऊन उखळात आदळणारी पाच लोखंडी मुसळं. बावीस वर्षांमागं निपाणीकडच्या गावाहून तो आणि त्याची बायको कृष्णाबाई इथं आली तेव्हा गल्लीच्या टोकाला नाचणीचं शेत होतं. आता तिथं पाच मजली इमारत होती. तिच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या शेडच्या पत्र्यावर उघडत होत्या.

फेब्रुवारी ते मे, एवढाच हंगाम. बाकीचं वर्ष धने, हळद, कुणाचं सांबार पावडर, असं चालायचं. खरा धंदा या चार महिन्यांचा. सकाळी सून सुनंदा गच्चीवर मिरची पसरायची. कृष्णाबाई देठं खुडायला बसायची. हाताला आधी खोबरेल चोळायचं, तरी दुपारपर्यंत बोटं पेटायची. मग ती बोटं ताकात बुडवून ठेवायची आणि पुन्हा बसायचं. डंकापाशी देवाप्पा असायचा. तोंडाला फडकं बांधून, एका हातानं उखळातलं तिखट मुसळाखाली सारत, दुसऱ्या हातानं चाळण हलवत. त्याच्या भुवया, कानाची पाळी, बंडीचा गळा, सगळं तांबडं व्हायचं. गल्लीत त्या दोघांना नावानं कोणी ओळखत नसे. कृष्णाबाई म्हणजे खारदपुडी अक्का. तिखटवाली.

इमारतीतली पहिली गिऱ्हाईक मुग्धा होती. पुण्याची, चौथ्या मजल्यावरची, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी. तीन वर्षांमागं ती वाट चुकून शेडशी आली आणि कृष्णाबाईला सुनेवर मराठीत रागं भरताना ऐकून तिथंच थांबली. त्या दिवशी तिनं अर्धा किलो कांदालसूण चटणी नेली होती. संक्रांतीला तीळगूळ आणून दिला होता. कृष्णाबाईनंही तिच्या मुलीला, सिद्धीला, फ्रॉकचं कापड दिलं होतं. आता सिद्धी सहा वर्षांची होती आणि तिला दमा होता.

गेल्या उन्हाळ्यात पोरीला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. यंदा हंगाम सुरू होण्याआधीच मुग्धा येऊन गेली. सिद्धी शाळेत असते तेवढ्या वेळातच डंक चालवाल का, असं तिनं विचारलं. कृष्णाबाईनं लगेच होकार दिला. साडेनऊला सुरू, दोनला बंद. शेडच्या तिन्ही अंगांना बारदानं टांगली. सुनंदा तासातासाला बादलीनं ती भिजवायची. मुलगा बसवंत एका कंपनीच्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवायचा. त्यानं सुट्टीच्या दिवशी फॅब्रिकेशनवाला आणून धुराड्यासारखा पत्र्याचा पाइप वर काढला. पाइपामुळं खालच्या मजल्यांचा त्रास कमी झाला आणि वरच्यांचा वाढला. तिखट पाइपातून सरळ चौथ्या-पाचव्या मजल्यावर जायला लागलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सिद्धीला तिसऱ्यांदा दवाखान्यात नेलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी एक हवालदार आणि दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतला शिपाई आले आणि शेडच्या दाराला कागद चिकटवून गेले.

कागद कानडीत होता. कृष्णाबाईला बोलायला कानडी यायची, वाचायला नाही. सुनंदाला अक्षरं लागायची. ती दारापुढं उभी राहून एकेक शब्द जोडत राहिली, आणि गल्लीतले चारजण मागं येऊन थांबले. त्यातल्या एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिरची कुटण्याच्या धंद्यानं आजूबाजूच्या लोकांच्या आरोग्याला इजा होते, सार्वजनिक उपद्रव होतो, असा पोलिसांचा अहवाल आला आहे. सबब दहा दिवसांत धंदा बंद करावा, नाहीतर अमुक तारखेला दंडाधिकाऱ्यांपुढं हजर राहून आदेश कायम का करू नये ते सांगावं. खाली तक्रारदारांची नावं होती. पहिलं नाव मुग्धाचं.

‘उपद्रव’ हा शब्द त्या माणसानं दोनदा वाचला. कृष्णाबाईनं सुनंदाला आत जायला सांगितलं आणि स्वतः पुन्हा देठं खुडायला बसली.

संध्याकाळी मुग्धा आली. ती शेडच्या आत आली नाही, पायरीपाशी उभी राहिली.

“काकू, पहिली सही माझी आहे. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं. मला आधीच यायला हवं होतं.”

कृष्णाबाई सुपातली देठं निवडत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “पोरीचा जीव कसा हाय?”

“घरी आणलंय. दिवसातनं चार वेळा नेब्युलायझर द्यावा लागतो. रात्रभर बसून काढते ती, आडवं होता येत नाही तिला.”

“आमी येळ पाळलीया. बारदानं लावलीत.”

“माहितीये मला. तुम्ही सगळं केलंत. पण ते पडद्यांत बसतं काकू, गाद्यांत बसतं. मी फ्लॅट बदलायचंही बघितलं. आमचा स्वतःचा आहे, हप्ते चालू आहेत. मला दुसरं काही सुचलं नाही.”

कृष्णाबाईला काही बोलायचं होतं. एक पोर सहा महिन्यांची असताना तिनं गावाकडं घालवली होती, ते तिला आठवलं. ते सांगितलं असतं तर मुग्धाच्या बाजूनं बोलल्यासारखं झालं असतं. ती उठून आत गेली. मुग्धा पायरीवरूनच परत गेली.

बसवंतनं वकील गाठला. योगीराज नाव, मूळचा बेळगावचा, जे. पी. नगरात त्याचं ऑफिस. मराठी बोलतो म्हणून घरातल्यांना जरा धीर आला. धंद्याचा परवाना आहे, वीज बिलं आहेत, बावीस वर्षं झालीत आणि इमारत काल आलीय, हे सगळं मांडू, असं तो म्हणाला. आशा किती आहे, हे मात्र त्यानं बोलून दाखवलं नाही.

तारखेच्या दिवशी बसवंत आणि आईबाप असे तिघं कचेरीत गेले. देवाप्पानं लग्नातला कोट घातला होता. कृष्णाबाईनं पेटीतलं नवं लुगडं काढलं होतं. परवान्याचे जुने कागद तिनं वर्षानुवर्षं तिखटाच्या कोठीवरच्या डब्यात ठेवले होते, ते पिशवीत घातले. दंडाधिकारी साहेबांच्या पुढ्यात कारकुनानं कागद मागितले. कृष्णाबाईनं पिशवीतून पुडकं काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलगडलं, झटकलं, आणि त्याला ठसका लागला. मग बाजूच्या टंकलेखक बाईला शिंका सुरू झाल्या. कुणीतरी पंख्याचं बटण दाबलं, त्यानं ते आणखी पसरलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ते रागावले नाहीत. कागद खिडकीपाशी नेऊन वाचा आणि या लोकांना थोडं बाहेर बसायला सांगा, एवढंच ते म्हणाले.

तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आत आपल्याबद्दल काय चाललंय ते दारातून थोडं थोडं ऐकू येत होतं. देवाप्पानं कोट काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवला. आपल्या अंगालाही वास येत असणार, असं कृष्णाबाईला वाटलं. तिनं पदर लपेटून घेतला आणि बाकाच्या कडेला सरकली. बाकावरची दुसरी माणसं आधीच उठून उभी राहिली होती.

तासाभरानं योगीराज बाहेर आला. साहेब काय म्हणाले ते त्यानं सावकाश सांगितलं. परवाना धंदा करायचा असतो, दुसऱ्याला इजा करायचा नसतो. किती वर्षं चाललंय यानं हक्क तयार होत नाही. लोकांच्या आरोग्याच्या बाबतीत तर नाहीच. आधी कोण आलं, डंक का इमारत, ते इथं बघत नाहीत. आज त्रास होतो का, एवढंच बघतात. त्यासाठी साहेब डॉक्टरला घेऊन जागा बघायला येणार आहेत. तोवर मिरची कुटायची नाही. धने-हळद चालेल.

“तोवर म्हंजे किती दिस?” कृष्णाबाईनं विचारलं.

“चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते.”

“नव्वद दिसांत मे संपतोय की वो.”

योगीराजनं मान हलवली. मग कृष्णाबाईनं त्याला मनातलं विचारलं. गल्लीत दिवसरात्र बांधकामाची धूळ येते. मोठ्या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास धूर सोडत उभ्या असतात. वारं फिरलं की बेळ्ळंदूरच्या तळ्याचा वास येतो. पोरीचा दमा काय एकट्या मिरचीनं झाला? त्याच्यावर अर्ज करता येत न्हाई का?

“येतो की. खरं अर्जात सामनेवाल्याचं नाव लागतं, पत्ता लागतो. रस्त्यावरच्या धुराला कुणाचं नाव लिहू मावशी?”

 परत येताना बसमध्ये देवाप्पा खोकत होता. शेजारच्या माणसानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

शेडमध्ये मिरची तशीच पडून राहिली. बायका रोज येऊन विचारायच्या. कुणी नुसतं बघून जायच्या, कुणी आपली पिशवी उचलून न्यायच्या. एक बाई म्हणाली, आमच्याकडं यंदा लेकीचं लग्न आहे अक्का, मी आता कुठं जाऊ. कृष्णाबाईनं तिला शहरातल्याच शिवाजीनगराकडच्या एका डंकाचा पत्ता दिला.  एप्रिलात दोन वळीव पडले आणि मिरची सादळली. सुनंदानं ती पुन्हा गच्चीवर पसरली, तर इमारतीतून फोन आला की पसरलेल्या मिरचीचीही भुकटी उडते. तिनं ती गोळा करून खाली आणली. डंकावर दिवसाला दोन-तीन किलो धने पडायचे. तेवढ्यासाठी देवाप्पा सकाळपासून तिथं बसून असायचा.

खोकला त्याला आजचा नव्हता. हंगामात वाढायचा, पावसाळ्यात कमी व्हायचा, एवढाच हिशेब घरानं ठेवला होता. यंदा मिरची बंद असूनही तो कमी झाला नाही. जिन्याच्या सहा पायऱ्या चढून आला की तो चौकटीला धरून उभा राहायचा आणि कुणी बघितलं तर चौकटीचा रंग गेलाय म्हणायचा.

पाहणीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी योगीराजचा फोन आला. उद्या उखळात धनेच घाला, साहेबांसमोर मिरचीचा विषय काढू नका, असं तो म्हणाला. बसवंतला ते पटलं. देवाप्पा नुसतं हूं म्हणाला. कृष्णाबाईला ते बरं वाटलं नाही, पण तिनं सकाळी शेड झाडून घेतली, पाणी शिंपडलं आणि धन्याचं घमेलं डंकाशी आणून ठेवलं.

साहेब आले, बरोबर सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण होती. इमारतीतली सात-आठ माणसं गल्लीत जमली. मुग्धा मागं उभी होती. देवाप्पानं बटण दाबलं. मुसळं उठायला लागली आणि धन्याचा गोड वास सुटला. साहेब दोन मिनिटं उभे राहिले. हा वास तर चांगला आहे, असं ते डॉक्टरणीला म्हणाले. बसवंतच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा तकाकी आली.

मग इमारतीतला एक गृहस्थ पुढं आला आणि म्हणाला, तक्रार धन्याची नाही, मिरचीची आहे. साहेबांनी मिरची घालायला सांगितली.

बसवंत आईकडं बघायला लागला. कृष्णाबाईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि घमेलं भरून आणलं. देवाप्पानं फडकं बांधलं. पहिल्या चार-पाच ठोक्यांना काही झालं नाही. मग तांबडी वाफ उठल्यागत भुकटी वर आली. गल्लीतली माणसं मागं सरली. साहेब खोकत बाहेर गेले आणि हातानंच बंद करा म्हणाले. मुग्धा तोंडावर ओढणी धरून इमारतीकडं पळाली. वरच्या खिडक्या एकामागून एक धाडधाड लागल्या.

देवाप्पा पट्टा सोडवायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. खोकल्याची उबळ थांबेना. डॉक्टरीण एकटी आत आली. तिनं त्याला पोत्यावर बसवलं, बंडी वर केली आणि छातीला नळी लावली. पाठीला लावली. श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या, असं ती कानडीत म्हणत राहिली. फुंकर मारायला सांगितली. किती वर्षं हे काम करताय, रात्री उठून बसावं लागतं का, जिना चढता येतो का, असं तिनं विचारलं. ती हळू आवाजात, आपुलकीनं विचारत होती. देवाप्पाला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं सगळं खरं सांगितलं. रात्री उठून बसतो, हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तीन उशा घेऊन टेकून झोपतो हेही सांगितलं. डॉक्टरणीनं ते लिहून घेतलं, दवाखान्यात यायची चिठ्ठी दिली आणि गेली.

पुढच्या तारखेला अहवाल वाचला गेला. या वेळी त्यांना आत बसू दिलं. सिद्धीच्या दवाखान्याचे कागद होतेच. शेजाऱ्यांचे जबाब होते. योगीराजनं त्यावर बरंच काही बोलून बघितलं. दमा कशानंही होतो, शहरात हजार कारणं आहेत, असं तो म्हणाला. तेव्हा साहेबांनी शेवटचं पान काढलं. यंत्र चालवणाऱ्याची स्वतःची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, वर्षानुवर्षं तिखटाची भुकटी छातीत जाऊन हे झाल्याचं दिसतं, असं डॉक्टरणीनं लिहिलं होतं. त्यानंतर योगीराजनं आपले कागद आवरले.

आदेश कायम झाला. पंधरा दिवसांत यंत्र काढायचं. न काढलं तर सरकार काढेल आणि खर्च वसूल करेल, वर गुन्हा दाखल होईल. वर दाद मागता येते का, असं बसवंतनं पायऱ्यांवरच विचारलं. सेशन कोर्टात जाता येईल, असं योगीराज म्हणाला. दिवाणी कोर्टात या आदेशाविरुद्ध जाता येत नाही. सेशनमध्ये सहा महिने, वर्ष, किती लागेल सांगता येत नाही, आणि तिथंही हाच अहवाल वाचतील.

“तुमी कशाला सांगितलं तिला?” बसवंत बापाला म्हणाला. “बरा हाय म्हणायचं. नुसता ठसका लागला म्हणायचं.”

देवाप्पा खाली बघत राहिला. “विचारलं म्हणून सांगितलं,” तो म्हणाला.

बसवंत तीन दिवस बापाशी बोलला नाही. सुनंदा जेवायला वाढायची, दोघं भिंतीकडं तोंड करून जेवायचे. आपणच आपल्या घरावर साक्ष दिली, हे देवाप्पाच्या डोक्यातून जाईना. तो डंकापाशी जाऊन बसायचा, मुसळांना तेल लावायचा, पट्टा पुसायचा. एक दिवस कृष्णाबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“रातीचं उठून बसता हे मला का न्हाई सांगितलं?”

“सांगून काय केली असतीस?”

तिनं विचार केला. डंक बंद करा असं आपण म्हणालो असतो का? हंगामात तर नाहीच. पुढच्या वर्षी बघू म्हणालो असतो. गेल्या वर्षीही तेच म्हणालो असतो. ती त्याची पाठ चोळत बसली.

दुसरी जागा शोधायचं बसवंतनं मनावर घेतलं. शहराबाहेर दोन-तीन शेड बघून आला. सगळीकडं जागेचा मालक एकच म्हणायचा, आजूबाजूच्यांची हरकत नाही असं लिहून आणा. एका ठिकाणी नुसतं मिरची म्हटल्यावर फाटक लावून घेतलं. मग त्यानंही शोधणं सोडलं आणि गाडीच्या जादा फेऱ्या घ्यायला लागला. संकेश्वरच्या एका माणसानं डंक घ्यायची तयारी दाखवली. तोही तिखटाचाच धंदा करणारा होता. बघायला आला तेव्हा त्याच्या भुवया तांबड्या होत्या. देवाप्पानं त्याला तोंडाला चांगला मास्क बांधत जा म्हणून सांगितलं. तो माणूस हसला आणि म्हणाला, मास्क लावून श्वास घेता येत नाही हो मामा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो आला. मुसळं एकेक करून काढली. उखळ सिमिटात बसवलेलं होतं, ते पहारीनं उचकटताना जमीन फुटली. चारजणांनी मोटर उचलली. देवाप्पाला उचलू दिलं नाही, म्हणून तो नुसता हात पुढं करून बरोबर चालला, टेम्पोपर्यंत. टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत घरातली सगळी रस्त्यात उभी होती. वरच्या खिडक्यांतूनही माणसं बघत होती. सिद्धी आईच्या पुढ्यात उभी होती. तिनं हात हलवला. कुणाला हलवला ते कळलं नाही. कृष्णाबाईनं हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाप्पाला दवाखान्यात न्यायचं होतं. बसवंत गाडी घेऊन अकराला येणार होता. तोवर शेड धुऊन टाकावी असं कृष्णाबाईच्या मनात आलं. भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत तांबड्या झाल्या होत्या, पत्र्याच्या आतून तिखटाचा थर बसला होता. भाड्यानं द्यायची तर स्वच्छ पाहिजे. तिनं पदर खोचला, सुनंदानं नळाला पाइप लावला. पहिलं पाणी भिंतीवर पडलं तसा बावीस वर्षांचा थर सुटायला लागला. तांबडं पाणी उंबऱ्यावरून गटाराला गेलं. वास उठला. सुनंदा खोकत बाहेर पळाली. कृष्णाबाईचे डोळे वाहायला लागले. ती खराट्यानं भिंत घासत राहिली.

अर्धी भिंत झाली होती तेवढ्यात इमारतीचा म्हातारा वॉचमन आला. नाकावर गमछा धरून दारातच उभा राहिला. त्यालाही हे सांगायचं जिवावर आलं होतं.

“अक्का, स्वल्प थांबवा. वरून फोन येतायत. खिडक्यांत वास येतोय म्हणतात.”

“धुवायला लागलोय,” कृष्णाबाई म्हणाली. “डंक न्हाई. धुवायला लागलोय.”

“सांगितलं मी. तरी म्हणतात थांबवा. वारं पडू दे, मग धुवा.”

कृष्णाबाईनं नळ बंद केला. खराट्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं. आतल्या खोलीतून देवाप्पानं विचारलं, झालं का धुऊन. तिनं नाही म्हणून सांगितलं. का थांबलीस, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं, आणि त्या विचारण्यातच त्याला उबळ आली. ती संपेपर्यंत वॉचमन आणि कृष्णाबाई दोघंही तिथंच उभी राहिली. मग वॉचमन मान खाली घालून निघून गेला.

तिनं खराटा भिंतीला टेकवला आणि उंबऱ्यावर बसली. गल्लीत वारं चालू होतं.